रिकाम्या पिंपाचे संगोपन

ओकच्या पिंपाचे कौतुक ते भरलेले असेपर्यंतच. पाहुणे टिचक्या मारतात, यजमान फ्रान्सच्या जंगलांवर बोलतात. वाइन बाटल्यांत गेली की पिंपाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पालकांची खरी परीक्षा मात्र तिथूनच सुरू होते.

आधी कायदा. छत्तीसगडात १९१५चा अबकारी कायदा चालतो. स्वतःपुरती मोहाची दारू गाळायची मुभा आदिवासींना आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी बिऱ्हाडांना द्राक्षांचीही नाही. अमेरिकेत मात्र एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर वाइन घरी करता येते. तेव्हा पिंप येणार ते तिकडून परतणाऱ्या चिरंजीवांच्या सामानातून, आणि रिकामेच.

पहिली आंघोळ तिकडेच उरकावी. गाळ ओला असतानाच गार पाण्याने विसळावे, मग कढत पाण्याने, बाहेर पडणारे पाणी नितळ होईपर्यंत. साबण वर्ज्य, लाकूड तो पिऊन बसते आणि पुढच्या वाइनला सव्याज परत करते. ब्लीचिंग पावडर तर घरातल्या कर्त्या बाईच्या हातूनही काढून घ्यावी (हिंमत असल्यास). क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आली की ‘टीसीए’ नावाचे द्रव्य तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात, वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. रायपूरच्या नळाला येणारे खारून नदीचे पाणीही क्लोरीन घातलेले असते. पिंपासाठी ते कोळशाच्या फिल्टरमधून गाळून घ्यावे. घरच्यांनाही त्यातले थोडे द्यावे.

मग धुरी. लोणच्याच्या बरणीला हिंगाची देतात, पिंपाला गंधकाची. आसवे-अरिष्टे करणारे वैद्यही संधानपात्राला आधी धूप देत, त्यामुळे यात विलायती असे फारसे काही नाही. २० लिटरच्या पिंपाला ग्रॅमभर गंधक पुरे. वात तारेला टांगून पेटवावी, आत सोडावी. विझली की काढून बूच घट्ट ठोकावे. वितळलेला थेंब आत पडू देऊ नये, नाहीतर पुढच्या वाइनला सडक्या अंड्याचा वास येईल. धुरी अंगणात द्यावी, दमेकऱ्यांना आत पाठवून. पिंपात ब्रँडीसारखे कडक मद्य राहिले असेल, तर काडी ओढूच नये: आतली वाफ भडकते. ही धुरी महिन्या-दीड महिन्याने पुन्हा द्यायची.

इथवर पुस्तकी. पुढे रायपूरचा मे.

पिंपाला हवी बारा-पंधरा अंशांची गारवट आणि सत्तर टक्के दमट हवा. इथे पारा ४४-४५ला टेकतो. फळ्या आक्रसतात, लोखंडी पट्ट्या सैल होतात, बोटाने ढकलली तरी पट्टी खाली घसरते. सुताराला बोलावू नये, तो फेविकॉल काढेल. पट्ट्या हातोडीने हलकेच बसवून पिंपात पाणी भरून ठेवावे. दोन दिवसांत लाकूड फुगून फटी मिटतात. लांबच्या मुक्कामासाठी लिटरमागे १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड आणि २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे सरबतवाल्यांचे केएमएस, घातलेले पाणी काठोकाठ भरावे. नव्या पिंपाचा थोडा स्वाद यात जातो, इलाज नाही.

ठेवायचे कुठे? वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असलेल्या खोलीत. तिथे आजोबा झोपतात. आजोबांना हलवा, असे कोणतेही मार्गदर्शन सांगणार नाही. भरलेले पिंप हलवता येत नाही, एवढे त्यांच्या कानावर घालावे. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: बाहेरून बुरशी चढते, ती पुसत राहावी.

आतून व्हिनेगरचा वास आला की उपचार थांबवावेत. ते जिवाणू लाकडात खोल शिरतात, धुऊन निघत नाहीत. पिंप मधोमध कापावे. दोन कुंड्या होतात.

एवढे करूनही तीन-चार वेळा वापरले की ओकचा स्वाद संपतोच. युरोपीय संघाने २००६पासून वाइनमध्ये भाजलेले ओकचे तुकडे टाकायला परवानगी दिली आहे. चिरंजीवांनी येताना पिशवीभर तुकडे आणावेत आणि पिंप तिकडेच कोणाला तरी देऊन यावे.