जुना स्कॅनर वाऱ्यावर सोडणाऱ्या कंपनीस खुले पत्र

स्कॅनर कंपनीच्या व्यवस्थापकांस,

पत्राची सुरुवात नमस्काराने करतात. तुमच्या बाबतीत तो मुद्दाम गाळला आहे.

आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करून ठेवायचं काम चालू आहे. कागद पिवळा पडलाय, घडी उलगडली की कडा तुटून हातात येतात. हे काम तुमचा स्कॅनर बिनतक्रार करत होता. मग जुना लॅपटॉप संपला आणि नवा आला, एआरएम प्रोसेसरचा. कमी तापतो, बॅटरी बराच वेळ पुरते. भारनियमनाच्या गावात याचं मोल मोठं. स्कॅनर जोडला, तर तुमचा ड्रायव्हर बसेना. सेवा केंद्राने उत्तर दिलं, ‘नवीन मॉडेल घ्या.’

का हो? स्कॅनरचा दिवा लागतो, काचेवर चरा नाही, मोटर सुरळीत फिरते. बिघडली आहे ती फक्त तुमची दानत.

आता तांत्रिक अडचणीची ढाल पुढे करू नका. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम या लॅपटॉपवर चालतात, कारण विंडोज ११ मधला प्रिझम हा दुभाषा त्यांच्या आज्ञा एआरएमच्या भाषेत उतरवून देतो. आमचं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर तसंच चाललं. तुमचा स्कॅनिंगचा प्रोग्रामसुद्धा उघडतो! पण ड्रायव्हरपाशी प्रिझमचा इलाज संपतो. ड्रायव्हर एआरएम६४ साठीच, म्हणजे ६४-बिट एआरएमसाठीच, बांधलेला लागतो, आणि तो बांधायचा सोर्स कोड तुमच्या कुलपात आहे. मायक्रोसॉफ्टने आपला वाटा उचलला, चिप बनवणाऱ्यांनी उचलला. तुम्ही हात वर केलेत.

हे सगळं अचानक घडलं, असंही सांगू नका. एआरएमवरचं विंडोज आरटी २०१२ मध्ये आलं. एक्स८६ प्रोग्राम चालवणारे एआरएम लॅपटॉप २०१७ च्या अखेरीस जाहीर झाले. २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली. तिथेही ॲपलचा दुभाषा रोझेटा २ साधे प्रोग्राम उतरवून देतो, कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, शिरणारे जोडप्रोग्राम मात्र नाही. जून २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम चिपचे विंडोज लॅपटॉप दुकानात आले. एवढ्या काळात तुम्हाला नव्या मॉडेलची जाहिरात सुचली, जुन्याचा ड्रायव्हर सुचला नाही.

लिनक्सवर सेन नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. त्यातली माणसं कित्येक जुने स्कॅनर आजही चालते ठेवतात, एआरएमच्या संगणकांवरसुद्धा. काही कंपन्या त्यांना माहिती देतात. जिथे देत नाहीत, तिथे स्कॅनर आणि संगणक यांच्यातली देवाणघेवाण तपासून ते स्वतः कोडं सोडवतात. पगार घेणाऱ्या तुमच्या इंजिनिअरांना जे जमत नाही, ते ही माणसं रात्री जागून करतात. तुमचं हे मॉडेल तेवढं अजून सुटलेलं नाही.

देशात ई-कचरा नियम २०२२ लागू आहेत; उत्पादकाने आपल्या वस्तूच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, असं ते सांगतात. चालतं यंत्र भंगारात ढकलून मग त्याच्या पुनर्वापराचे दाखले गोळा करणं ही जबाबदारी नव्हे.

आमची मागणी सोपी आहे. एआरएम६४ चा ड्रायव्हर द्या. तो परवडत नसेल, तर या मॉडेलचा संवाद-नियम खुला करा, बाकीचं काम करणारे लोक आहेत. आणि पुढच्या खोक्यावर नुसतं ‘विंडोज ११’ छापू नका, कोणत्या प्रोसेसरवर चालेल तेही ठळक छापा.

वाचकहो, एआरएमचा लॅपटॉप घेण्याआधी तुमचा प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन यांच्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर एआरएम६४ ड्रायव्हर आहे का, ते बघा. नसेल तर पैसे देण्याआधी त्या कंपनीला लेखी विचारा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.