पराभवाचे पारितोषिक

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने, जो संघ हंगामभर अधिक हरेल त्याच्या पदरी उत्तम नवोदित खेळाडू पडण्याचा संभवही अधिक, असा जो दयार्द्र दस्तुर चालविला आहे, त्याची तारीफ करावी तेवढी थोडीच. २०१५-१६ साली फिलाडेल्फियाच्या संघाने ब्याऐंशीपैकी बहात्तर सामने गमावून पहिल्या निवडीचा मान संपादिला. अशी तपश्चर्या निष्फळ कशी जावी? मात्र हरण्यापेक्षा त्याची वाच्यता गैर. हरण्यातच आपले हित आहे असे खेळाडूंना सांगितल्याचे डॅलसच्या मालकाने २०१८ मध्ये जाहीरपणे कबूल करताच त्यांस सहा लाख डॉलरचा दंड झाला. पुढे २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, शेकडा चौदा, संधी देऊन अगदी शेवटचे येण्याचा नाहक ताणही हलका करण्यात आला.

आता एकच सुधारणा बाकी आहे. प्रत्येक संघाने राजरोस आपल्याच जाळीत चेंडू टाकावा आणि प्रतिपक्षाची जाळी प्राणपणाने राखावी. म्हणजे पराजयासाठी का होईना, सामने पुन्हा चुरशीचे होतील, आणि जो दुर्दैवी संघ हरण्यातही सर्वांच्या मागे पडेल, त्यास सांत्वनादाखल विजेतेपद देता येईल.