काळ्या घोड्यापाशी भेटू

सांगलीला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये चढली तेव्हा माणसं सहा होती आणि डाग अकरा. त्यांतले चार नुसते खाण्याचे. मुंबईच्या मावशीला द्यायचा म्हणून घेतलेला भडंगाचा डबा किर्लोस्करवाडी यायच्या आत उघडला गेला आणि कऱ्हाडला त्यात शेंगदाणे तेवढे उरले.

मोहिमेचे सेनापती आबा, वय ७४. १९७१ ते १९७४ अशी तीन वर्षं ते गिरगावातल्या चाळीत एका खोलीत सहाजणांत झोपत आणि खानावळीत जेवत. तेवढ्या भांडवलावर गेली पन्नास वर्षं घरात मुंबईच्या बाबतीत त्यांचाच शब्द प्रमाण. टीव्हीवर मुंबईचा कुठलाही रस्ता दिसो, "हे आपलं रोजचं" असं ते म्हणणारच. आणि त्या तीन वर्षांतली कुठलीही गोष्ट ते सांगू लागले की तिची सुरुवात ठरलेली : "आम्ही काळ्या घोड्यापाशी उभे होतो, आणि..."

सैन्यात आजी, चिरंजीव, सूनबाई, सतरा वर्षांची थोरली आणि दहा वर्षांचा धाकटा. धाकट्याला शाळेनं सुट्टीचा अभ्यास दिला होता : 'सहलीत पाहिलेल्या दहा गोष्टी'. त्यानं वहीत आकडे आधीच घालून ठेवले होते.

पहिला घोळ कल्याणलाच झाला. मुंबईच्या मावशीकडे जायचं म्हणून सगळे मुंबई यायच्या आधीच उतरले. कारण मावशी डोंबिवलीला राहतात, डोंबिवली ठाणे जिल्ह्यात येते आणि तिथून सीएसएमटी रेल्वेनं ४८ किलोमीटर.

"मग हिला मुंबईची मावशी का म्हणायचं?" धाकट्यानं विचारलं.

"आम्ही तिकडं फक्त झोपायला असतो रे," मावशीचे यजमान म्हणाले. त्या रात्री त्यांच्या दोन खोल्यांत नऊ माणसं झोपली, तेव्हा आबांना गिरगावची फार आठवण झाली.

सोमवारी मावशींनी सांगून पाहिलं की गर्दी ओसरली की साडेदहानंतर निघा. आबा म्हणाले, "मला मुंबई शिकवू नका." आठची फास्ट आली. आबा चढले नाहीत, चढवले गेले; त्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागले ते मुलुंड गेल्यावर. आजी आणि सूनबाई लेडीज डब्यात होत्या. तिथे आजीला चौथी सीट मिळाली, शेजारणीबरोबर तिनं मेथीची जुडी निवडली, केसांच्या पिनांची दोन पाकिटं घेतली आणि दादर यायच्या आत भाच्यासाठी एक मुलगीही हेरून ठेवली. बाकीच्यांनी लोकल पाहिली, आजी तेवढी तिच्यात राहून आली.

सीएसएमटीला घड्याळाखाली सगळे गोळा झाले. थोरलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं : १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच, बोरीबंदरहून, ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं. चिरंजीवांनी हिशेब केला. आजची स्लो लोकलही ठाण्याला साधारण तेवढाच वेळ घेते. "म्हणजे पावणेदोनशे वर्षं वेळापत्रक सांभाळलंय," ते आदरानं म्हणाले. धाकटा तोवर बंदर शोधत होता. बोरीबंदर म्हटल्यावर निदान एखादी होडी तरी दिसावी, अशी त्याची साधी अपेक्षा. तिथून पुढच्या भागाला फोर्ट म्हणतात हे कळल्यावर त्यानं किल्लाही शोधला. तो कोट १८६० च्या दशकातच पाडला गेला, आणि ज्या दरवाज्यावरून चर्चगेट हे नाव पडलं तो दरवाजाही त्याच्याबरोबर गेला.

वहीत अजून काहीच आलं नव्हतं.

गेटवे ऑफ इंडिया मात्र जागेवर होता. २६ मीटर उंच, समोर समुद्र, पाठीमागे ताज. धाकट्यानं एक नंबर लिहिला आणि थोरली पुढचं वाचू लागली. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये इथे उतरले, त्या स्मरणार्थ ही कमान. पायाचा दगड बसला १९१३ मध्ये आणि बांधून झाली १९२४ मध्ये. राजाला बघायला मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती.

"पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी तोरण!" आजी म्हणाली. "आणि हे हॉटेल?"

"ते १९०३ चं."

"म्हणजे आधी वाडा, मग दिंडी. कंत्राटदार आपल्याकडचाच असणार."

कंत्राटदाराचं माहीत नाही. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. आणि या दिंडीतून आत आलेल्यांपेक्षा बाहेर गेलेल्यांचं महत्त्व मोठं. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीकडे गेली. सहाही जणांनी ताजकडे तोंड करून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ताजमध्ये चहा केवढ्याला मिळतो हे चिरंजीवांनी मोबाइलवर पाहिलं आणि कोणालाही न सांगता मोबाइल खिशात ठेवला.

मग घारापुरीची लाँच. आबा तिकिटाच्या रांगेपाशी गेले आणि परत आले. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. "आमच्या वेळी..." एवढंच बोलून आबांनी मोर्चा वळवला. "चला, काळा घोडा दाखवतो."

घोडा होता. काळाही होता. पण त्याच्या पाठीवर कोणी नव्हतं.

"आबा, तुम्ही तर वर राजा बसलाय म्हणाला होता."

आबा क्षणभर घुटमळले. पन्नास वर्षांची इभ्रत पणाला लागली होती. "उतरला असंल की सत्तेचाळीस साली," ते म्हणाले. धाकट्यानं वहीत 'काळा घोडा' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मंगळवार आजीचा. मंगळवारी सिद्धिविनायकाला मुंबई लोटते, म्हणून बुधवारी जाऊ, असं सूनबाईंनी सुचवलं. "गर्दी काय देवाला नवी आहे?" आजीनं विचारलं आणि सगळे रांगेला लागले. १८०१ सालचं मूळ देऊळ लहानसं होतं. आजची रांग मात्र एखाद्या तालुक्याएवढी. दर्शन झालं ते पाच सेकंदांचं. त्यातले दोन थोरलीचा मोबाइल पर्समध्ये ढकलण्यात गेले.

दादरला आबांनी जुनी विद्या बाहेर काढली. इथे दोन रेल्वे आणि दोन्हींचा एक नंबरचा प्लॅटफॉर्म वेगळा, गावाकडचा माणूस इथंच फसतो, असं बजावत ते पुढे निघाले आणि स्वतःच फसले. डिसेंबर २०२३ पासून दादरचे प्लॅटफॉर्म सलग मोजतात. पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. एका हमालानं हे समजावून सांगितलं, तेव्हा आपल्यावर व्यक्तिशः अन्याय झाल्यासारखं आबांचं तोंड झालं.

दुपारी मलबार हिल. हँगिंग गार्डनमध्ये काय लटकतं, हे धाकट्यानं माळ्याला विचारलं. माळ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला. लटकत काहीच नाही. १८८१ मध्ये पाण्याच्या टाकीवर माती घालून ही बाग केली, मुंबईचं पिण्याचं पाणी खाली आणि गुलाब वर. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट होता, म्हातारी नव्हती. ती मूळची एका इंग्रजी बडबडगीतातली, असं थोरलीनं सांगेपर्यंत धाकट्याला म्हातारी सापडलीही होती : बुटाच्या सावलीत चपला काढून, पाय चोळत बसलेली. सबंध सहलीतला सगळ्यांना आवडलेला फोटो तोच. आजीला तो अजून दाखवलेला नाही.

बुधवारी राणीच्या बागेपुढे टॅक्सी थांबली. फाटक बंद. राणीची बाग बुधवारी बंद असते. टॅक्सीवाला मीटर पाडून इतक्या शांतपणे बसला होता की त्याला हे भायखळ्यापासून ठाऊक असावं. "परत गेटवे?" त्यानं विचारलं.

आज लेणी उघडी होती. तासाभराच्या लाँचमध्ये सूनबाईंना मळमळलं, आबांना गाणं सुचलं, आणि उतरल्यावर छोट्या आगगाडीत बसायचं की चालायचं यावर जेवढं भांडण झालं तेवढ्या वेळात गाडी जाऊन परत आली. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. आजी दर दहा पायऱ्यांना थांबे आणि थांबे तिथे काहीतरी विकत घेई. वर माकडानं चिरंजीवांच्या हातातली सरबताची बाटली काढून घेतली, झाकण फिरवून उघडली आणि एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. पण लेण्यात शिरल्यावर सगळे गप्प झाले. अंधारात सहा मीटर उंचीची त्रिमूर्ती, डोळे मिटलेली. आजीनं सिद्धिविनायकाला न मिळालेली पाच मिनिटं इथं उभं राहून वसूल केली.

बाहेर आल्यावर धाकट्यानं विचारलंच. "घारापुरीला एलिफंटा म्हणतात. एलिफंटा म्हणजे हत्ती. मग हत्ती कुठाय?"

या बेटावर दगडी हत्ती होता, त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले. उचलताना पडला आणि फुटला. तुकडे मुंबईत राहिले, पुढे जोडले गेले. "आणि आता तो," थोरली मोबाइलवरून मान वर करत म्हणाली, "राणीच्या बागेत आहे."

"राहायलाच तिथं गेलो असतो तर बरं झालं असतं," चिरंजीव म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळच्या गाडीचं सामान मावशीच्या दारात बांधून ठेवून सगळे तिसऱ्यांदा... नाही, बागेत दुसऱ्यांदाच गेले, पण पाय तिसऱ्यांदा म्हणत होते. हंबोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये सोलहून इथे आले. बाहेर मे महिना, त्यांच्या काचेपलीकडे कुलर लावल्यासारखी थंडी. आजी काचेसमोर बसली ती उठेना. "बघा, कसे माणसासारखे उभे आहेत," ती म्हणाली. नजर मात्र थंड हवेच्या झोताकडे होती.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा हत्ती सापडला. धाकट्यानं त्याला हात लावून खात्री केली आणि वहीत लिहिलं. आणि त्याच आवारात पुढे तो उभा होता : काळा, उंच, आणि पाठीवर राजा. सातवा एडवर्ड, अजून न उतरलेला.

थोरलीनं लगेच शोधलं. हा पुतळा १९६५ मध्ये रस्त्यावरून काढून इथे आणला. कालपरवा पाहिलेला बिनस्वाराचा घोडा २०१७ चा.

धाकट्यानं वहीच्या कडेला वजाबाकी मांडली. बोटांवर पुन्हा मोजली. "आबा, तुम्ही मुंबईत एकाहत्तरला आलात. घोडा पासष्टलाच गेला. मग तुम्ही काळ्या घोड्यापाशी उभे होता म्हणजे कुठं उभे होता?"

सगळ्या घरादाराची नजर आबांवर. आजीचीही, आणि तिला तर हे पन्नास वर्षांपूर्वीच विचारायचं होतं.

आबांनी टोपी काढली, घोड्याकडे नीट पाहिलं. त्यांचीही ती पहिलीच भेट होती.

"काळ्या घोड्यापाशी भेटू म्हणायचे, लेका," ते म्हणाले, "आणि आम्ही भेटायचो. सहाच्या सहाजण, बरोबर वेळेवर." मग त्यांनी धाकट्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि वहीतलं प्रश्नचिन्ह स्वतः खोडलं.