अंबर एलला मस्का लावणाऱ्यास

प्रति,
मुख्य ब्रूमास्टर महोदय,
(नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, आपलं आपल्याला कळेल)
पुणे.

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. बिअरमधला दोष छापील मेनूवर गुण म्हणून मिरवायला जी छाती लागते, ती आपल्याकडे आहे. आपल्या मेनूत अंबर एलखाली लिहिलं आहे: ‘कॅरॅमल, टॉफी, भाजलेलं बिस्किट आणि रेंगाळणारा मुलायम बटरस्कॉच.’ पहिल्या तिघांचा ग्लासात पत्ता नव्हता. चौथा मात्र हजर होता, आणि रेंगाळला म्हणजे किती, तर घरी जाऊन दात घासेपर्यंत रेंगाळला. आपण शब्दाला जागलात.

पहिल्या घोटानंतर आपल्याकडच्या वेटरला मी विचारलं, “यात लोण्याचा वास येतोय का हो?” तो प्रसन्न हसून म्हणाला, “सर, तीच तर आपली खासियत आहे.” त्या पोराचा काही दोष नाही. त्याला जे पढवलं ते त्याने म्हटलं. पढवणाऱ्याला म्हणून हे पत्र.

अंबर एल ही काही शेकडो वर्षांची पवित्र परंपरा नाही, हे मला मान्य आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 1980 च्या दशकात छोट्या ब्रुअरीज उभ्या राहिल्या, तिथल्या पेल एलमध्ये थोडा रंग आणि माल्टचा थोडा गोडवा वाढवून ही शैली रुळली. कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड या गावात 1983 मध्ये मेंडोसिनो ब्रुइंगवाल्यांनी ब्रूपब काढला, दारूबंदी उठल्यानंतरचा त्या राज्यातला पहिला. त्यांची रेड टेल एल या घराण्यातली जुनी मानकरी. पुढे 1997 मध्ये या कंपनीचा ताबा आपल्या विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाकडे गेला आणि जानेवारी 2018 मध्ये ती बंद पडली. मल्ल्यांच्या खात्यावर इतकं काही जमा आहे की एका अंबर एलचं कोण काढत बसणार? कोलोरॅडोतल्या न्यू बेल्जियमची फॅट टायर 1991 पासून अंबरचा झेंडा घेऊन उभी होती. 2023 मध्ये तिचीही कृती बदलून ती फिकी आणि हलकी करण्यात आली. सध्या जो तो आयपीए या शैलीच्या मागे. अशा पडत्या काळात पुण्यात कुणीतरी अंबर एल करतोय हे कळल्यावर मी अक्षरशः धावत आलो होतो. म्हणून राग जरा जास्त आहे.

आपल्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलून टाकतो. रंग सुरेख होता. तांब्याच्या नव्या कळशीवर ऊन पडावं तसा, आणि बिअर इतकी नितळ की पलीकडे बसलेल्या गृहस्थांच्या शर्टाच्या पट्ट्या ग्लासातून मोजता येत होत्या. फेस पांढरट बदामी, टिकणारा. आपल्या दिव्यांची मांडणीही अशी की ग्लास हातात घेतला की आधी फोटो काढावासा वाटतो. बहुतेक लोक तिथेच थांबतात, आणि आपला धंदा त्यांच्यावरच चालत असावा.

मी थांबलो नाही. ग्लास बर्फात ठेवलेला, बाहेरून पांढरा गोठलेला. बिअर इतकी गार असली की नाक आणि जीभ दोन्ही रजेवर जातात. अंबर एल सात ते दहा अंशांच्या आसपास बोलू लागते. बर्फाळ ग्लासात ती मुकी राहते, आणि काहींना ती मुकी राहिलेलीच सोयीची असते. मी एक घोट घेऊन ग्लास बाजूला सरकवला आणि शेंगदाण्याची बशीही दूर केली, मिठाने जीभ बिघडते. काचेवरचं दव ओघळून टेबलावर गोल डाग पडला तेव्हा ग्लासावर तळहात झाकला, हलकेच दोन वेढे फिरवला, हात काढून लगेच नाक आत घातलं. मल्टिप्लेक्सच्या मध्यंतरात जो वास सबंध लॉबीभर पसरलेला असतो, तोच. मक्याच्या लाह्यांवर ओततात तो पिवळा मस्का. दर पाच मिनिटांनी तो चढत गेला. शेवटच्या घोटाला टाळूवर तेलकट साय धरल्यासारखी झाली आणि जीभ दातांवरून घसरू लागली.

याला डायअसिटिल म्हणतात, हे आपल्याला मी सांगायला नको. तरी सांगतो, कारण मेनू वाचून शंका येते.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, तेव्हा त्याच्या पेशीतून आणखी एक पदार्थ बिअरमध्ये झिरपतो, अल्फा-असिटोलॅक्टेट. त्याचंच बिअरमध्ये आपोआप डायअसिटिल होतं. इथवर कुणाचाच गुन्हा नाही, जगातल्या प्रत्येक टाकीत हे घडतं. पण यीस्ट हा सज्जन जीव आहे. साखर संपली की तो आपणच केलेलं डायअसिटिल परत आत घेतो आणि त्याचं ज्याला जवळजवळ चवच नाही अशा पदार्थांत रूपांतर करतो. त्याची अट एकच: त्याला दोन-तीन दिवस उबेत राहू द्यायचं. एल अठरा-वीस अंशांवर आंबली असेल, तर आंबवण संपल्यावरही तिथेच, किंवा एखाददोन अंश वर, ठेवायची. तेवढी कळ न काढता टाकी शून्याजवळ नेली की यीस्ट गारठून तळाला बसतं आणि काम अर्धवट राहतं. लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम डायअसिटिलसुद्धा पुष्कळ लोकांच्या नाकाला कळतं. काहींना त्याच्या कितीतरी पट असलं तरी कळत नाही. हा नाकाचा जन्मजात फरक आहे, त्यात लाज नाही. आपण दुसऱ्या गटातले असाल तर चव घ्यायला आणखी दोन नाकं पगारावर ठेवा. स्वस्त पडतील.

आता मला आपल्या हुशारीचं खरं कौतुक करू द्या. मस्का लपवायला आपण अंबर एल निवडलीत! फिक्या लागरमध्ये हा वास पहिल्याच घोटाला उघडा पडला असता. अंबरमध्ये क्रिस्टल माल्ट असतं. मोड आलेली बार्ली ओली असतानाच साठ-सत्तर अंशांवर शिजवतात, सालाच्या आतल्या आत पिठाची साखर होते, आणि मग भाजताना ती दाण्यातच कॅरॅमल होते. बरीचशी साखर यीस्टला खाता येत नाही, म्हणून बिअरमध्ये टॉफीचा गोडवा उरतो. टॉफी आणि लोणी हे आपल्या जिभेने लहानपणापासून एकत्रच ओळखलेले सोबती. गिऱ्हाईक म्हणतं, ‘वा, बटरस्कॉच!’ आणि त्याला वाटतं हेही माल्टच. आपण मेनूवर तोच शब्द छापून त्याचा गैरसमज कायम करून टाकलात. चूक झाकायची इतकी चोख जागा सापडायला शैलीचा अभ्यास लागतो. अभ्यास आहे, हे मी मानतो.

फरक मात्र सांगता येतो. माल्टचा कॅरॅमल घोटाच्या मध्यावर येतो आणि घोट गिळल्यावर हॉप्सचा कडूपणा त्याला आवरता घेतो. तोंड कोरडं होऊन दुसऱ्या घोटासाठी तयार होतं. डायअसिटिल पुढून येतं, मागेही उरतं, टाळू बुळबुळीत करतं, आणि हॉप्सच्या डोक्यावर बसून राहतं. आपल्या फळ्यावर कॅस्केड हॉप्सचं नाव खडूने झोकात लिहिलेलं आहे. 1972 मध्ये ओरेगॉनमधून बाजारात आलेला हा हॉप, ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा, फुलांसारखा वास देणारा. अमेरिकी एलला तिचं नाक त्यानेच दिलं. त्याच्या पाकिटाचे, विमानाचे आणि कस्टमचे पैसे आपण मोजलेत. मग त्याला लोण्यात का पुरलात?

हा मुद्दा काढल्यावर आपले व्यवस्थापक म्हणाले की इंग्लंडात असं चालतं. चालतं. काही इंग्लिश बिटरमध्ये आणि चेक लागरमध्ये अशी पुसटशी छटा खपवून घेतात. पण फळ्यावर आपणच ‘अमेरिकन अंबर’ लिहिलंय. अमेरिकेतल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमने या शैलीची चौकट आखून दिली आहे: अल्कोहोल 4.5 ते 6.2 टक्के, कडूपणा 25 ते 40 आयबीयू, रंग गडद अंबर ते तांबूस तपकिरी. लोणी त्यात बसत नाही. साहेबाच्या देशातला दाखला काढायचाच तर नाव तरी साहेबाचं द्या.

दुसरी सबब नळ्यांची. नळ्या गलिच्छ असल्या की पेडिओकॉकस नावाचे जंतू त्यात घर करतात आणि तेही लोण्याचा वास देतात. दर दोन आठवड्यांनी नळ्या धुवाव्यात असा नेम आहे तो त्यासाठीच. ती शक्यता मी आपल्या बाजूने गृहीत धरून पाहिली. पण त्या जंतूंनी केलेल्या घाणीला सहसा आंबटपणाही असतो. आपल्या एलमध्ये आंबटाचा लवलेश नव्हता. नळ्या निर्दोष सुटल्या, आरोपी एकच उरला: शनिवार.

शनिवारी क्रिकेटचा सामना होता, पडदा लागलेला होता, अंबरची मागची बॅच संपलेली होती. नवी बॅच आणखी तीन दिवस टाकीत राहिली असती तर फळ्यावर एक नाव पुसून ठेवावं लागलं असतं. तेवढीशी नामुष्की आपल्याला सोसवली नाही. टाकीवर 1000 लिटर असं ठळक लिहिलंय, काचेतून दिसतं. म्हणजे दोन हजार ग्लास, प्रत्येकाच्या बिलावर कर वेगळा. या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याने परवाना बाळगायचा असतो. पाजणाऱ्याच्या तोंडाला चव आहे का, हे तपासायला मात्र कुणी येत नाही.

बॅच बिघडणं हा गुन्हा नाही. हे मी कळवळून लिहितोय, उपहास बाजूला ठेवून. जिवंत बुरशी सांभाळायचा धंदा आहे, बिघडणारच. 2009 मध्ये डूलालीने पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, तेव्हापासून या शहराने गढूळ व्हीट बिअर, फसलेले प्रयोग, मसाल्याची अतिरेकी स्टाउट असं बरंच काही गोड मानून घेतलं आहे. फळ्यावर ‘आज अंबर नाही’ लिहिलं असतं तर आम्ही व्हीट पिऊन सामना पाहिला असता. वाईट बॅच नळाला जोडली, इथून गुन्हा सुरू झाला. तिला ‘सिग्नेचर’ म्हटलंत तेव्हा तो सराईत झाला.

पुढच्या वेळेसाठी एक स्वस्त उपाय सुचवतो. टाकी गार करण्याआधी झाकणाच्या दोन बाटल्यांत थोडी थोडी बिअर काढा. एक साठ अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं धरा, दुसरी तशीच ठेवा. मग दोन्ही सारख्या गार करून हुंगा. तापवलेलीत लोणी आलं तर यीस्टचं काम बाकी आहे, टाकीला हात लावू नका. खर्च दोन बाटल्या आणि एक पातेलं. पातेलं आपल्या स्वयंपाकघरात नक्की असेल, कारण गार्लिक ब्रेडवर लोणी फार छान होतं.

आता निकाल. वरच्याच संस्थेच्या पद्धतीने, पन्नासपैकी: वास 12 पैकी 3, रूप 3 पैकी 3, चव 20 पैकी 6, तोंडातला पोत 5 पैकी 2, एकूण ठसा 10 पैकी 4. बेरीज 18. संस्थेच्या तक्त्यात 14 ते 20 या गटाला ‘बरी’ म्हणतात आणि लगेच पुढे ‘अप्रिय’ असंही म्हणतात. उरलेली टाकी नळावरून उतरवा, उत्पादन शुल्क खात्याचे जे सोपस्कार असतील ते करून तिची विल्हेवाट लावा, आणि मेनूतून बटरस्कॉच खोडा.

कळावे, लोभ असावा.

आपलं,
पूर्ण बिल चुकवलेलं एक गिऱ्हाईक

ता. क. पत्र खुलं आहे, म्हणून वाचकांनाही विनंती: अंबर एल मागवताना साधा, न गोठवलेला ग्लास मागा आणि पहिला घोट घेऊन दहा मिनिटं थांबा. लोणी आलं तर ग्लास बिनदिक्कत परत करा.