मणिबंधाची कैफियत

मनुष्यदेहाच्या दुखण्यांत काही दुखणी खासगी वहिवाटीची असतात आणि काही गावठाणात मोडतात. पोट बिघडले तर मनुष्य ते चारचौघांत झाकू शकतो. दाढ ठणकू लागली तर तोंड मिटून बसू शकतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्यामुळे लोकांचे कल्याणच होते. परंतु मनगट हा अवयव असा काही चव्हाट्यावर येऊन बसला आहे की, नमस्कार करताना, छत्री उघडताना, चहाची बशी ओठांशी नेताना किंवा देवळातल्या घंटेला हात घालताना त्याच्या मालकाचा चेहरा जरासा जरी वाकडा झाला, तरी दवंडीवाचून त्याचा बोभाटा होतो आणि ज्याला ज्याला दोन हात आहेत तो तो स्वतःस त्या विषयातील अधिकारी पुरुष समजून उपचाराची दरखास्त दाखल करतो. सुश्रुताचार्यांनी देहातील १०७ मर्मांची जी जमाबंदी करून ठेवली आहे, तीत दोन्ही मणिबंध 'रुजाकर' या सदरात नोंदले आहेत. या सदरात मर्मे अवघी आठ. यांच्या पायी प्राण जावयाचे नाहीत, परंतु वेदना हमखास पदरात पडतील, असा त्या नोंदीचा आशय आहे. आणि इतक्या शतकांत ती नोंद फिरवून घेण्याचे धैर्य कोणाही मनगटाला झालेले दिसत नाही.

आमच्या आटपाडीकडे तर पाऊस बेभरवशाचा आणि भरवशाचे काय ते मनगटच. मेंढ्यांची लोकर कातरायची ती मनगटाने, घोंगडीचा माग चालवायचा तो मनगटाने, माळावर उभ्या राहिलेल्या डाळिंबाच्या बागा काटे चुकवीत छाटायच्या त्या मनगटाने. आणि ज्यांना यांतले काहीच नको होते ते सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरून देशभर पांगले, तर तेथेही तापलेली मूस चिमट्यात धरून ओतायची ती मनगटानेच. याखेरीज हा तालुका लेखणीचा. ग. दि. माडगूळकर १९१९ साली शेटफळ्यात जन्मले, व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे, शंकरराव खरात प्रत्यक्ष आटपाडीचे. तेव्हा या हद्दीत ज्याने म्हणून लेखणी हाती धरली, त्या प्रत्येकाला आपण त्या वतनाचे तक्षीमदार आहोत असे वाटू लागणे स्वाभाविक होते. प्रतिभेची वाटणी माझ्यापर्यंत येईतो आटोपली होती. लिहिण्याचे श्रम तेवढे शिल्लक होते, ते बिनतक्रार माझ्या नावावर चढले.

सेवानिवृत्तीनंतर जुन्या मोडी कागदांचे बाळबोधीत लिप्यंतर करण्याचा उद्योग मी पत्करला. पूर्वीच्या कारकुनांची मनगटे कशाची घडवली होती, कोण जाणे! ओळीच्या आरंभी बोरू टेकवावा आणि तो ओळ संपेतो उचलू नये, असा त्यांचा बाणा; त्यांच्या मागोमाग धावता धावता माझ्या उजव्या हाताने एके दिवशी काम तहकूब केले. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या, मनगटात ठणका आणि मध्यरात्री हात असा बधिर की, उशाशी दुसऱ्याच कोणाचा तरी हात येऊन पडला आहे की काय अशी शंका यावी. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर १७०० साली एक ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत कारकून व लेखनिक यांच्याही व्याधी त्यात दाखल केल्या. सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण ही तीन कारणे त्याने दिली आहेत. आणि त्याच्या परिचयातील एका लेखनिकाचा दाखलाही, की ज्याचा उजवा हात निकामी झाल्यावर त्याने मोठ्या कष्टाने डाव्या हाताला वळण लावले आणि लवकरच तो डावाही उजव्याच्या वाटेने गेला. हा दाखला वाचल्यापासून डाव्या हाताला मी कसलेच शिक्षण दिले नाही. त्याला अडाणी ठेवण्यातच त्याचे हित होते.

तरीही शनिवारच्या बाजारात भाजीवालीला पैसे देण्यासाठी त्याला पुढे करावे लागले, आणि तेवढ्यावरून शेळ्यामेंढ्यांचा सौदा उरकून निघालेल्या एका वृद्ध धनगर आबांनी मला हटकले.

"आण्णा, डाव्या हातानं लक्षुमी देताय, उजव्याला काय झालं?"

"मनगट धरलंय, आबा."

"वात शिरलाय. काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा बांधा. पर त्यो उलटा वळाया पायजे."

"उलटा म्हणजे?"

"म्हंजे डाव्या हातानं दाबून धरायचा आन् उजव्यानं पीळ द्यायचा."

"आणि वळायचा कोणी?"

"कोणी म्हंजे? ज्याचं दुखतंय त्यानं!"

आबांच्या या एका उत्तरात घरगुती वैद्यकाचे सारे मर्म मला पुढे सापडत गेले. दुखऱ्या हातावरचा प्रत्येक इलाज सिद्ध करण्यासाठी प्रथम एक ठणठणीत हात लागतो, ही गोष्ट कोणताही सल्लागार बोलून दाखवीत नाही. निर्गुडीचेच पाहा. शुक ओढ्याच्या काठी निर्गुडी मुबलक. एका देठावर तीन-पाच निमुळती पाने, वरून हिरवी आणि पाठीमागून राख फासल्यागत पांढुरकी, आणि वास असा उग्र की वाटेवरच्या हिरवळीचा फडशा पाडणारी शेळीदेखील तिच्याकडे पाठ फिरवते. पाला ओरबाडायचा, पाट्यावर ठेचायचा, मोठ्या पातेल्यात उकळायचा, पातेले उतरवायचे, त्या वाफेवर हात धरायचा, नंतर त्याच पाण्यात फडके बुडवून ते कढत असताना पिळायचे आणि मनगटाला गुंडाळायचे. यांतले वाफेवर हात धरण्याचे तेवढे काम मी करीत असे. उरलेले काम कोण करते, हा प्रश्न कुठल्याच पोथीत उपस्थित केलेला नसल्यामुळे माझ्याही मनात तो लवकर आला नाही. शेक मात्र सुखाचा होता, यात शंका नाही. उष्णतेने आखडलेल्या शिरा सैल पडतात, रक्ताचा ओघ वाढतो आणि ठणका घटकाभर विसरतो. फक्त अंगाला येणारा वास मनुष्यप्राण्यांनाही शेळीच्याच मताला आणून सोडतो.

त्यानंतर आंबेहळद आणि रक्तचंदन आले. दोन्ही सहाणेवर उगाळायची. रक्तचंदनाचे खोड घासता घासता सहाण झिजेल, परंतु लेप वाटीचा तळ झाकील तर शपथ! मग शेजारच्या काकूंनी चुना आणि गूळ कालवून लावण्याचा जुना मुरगळीचा उपाय सांगितला. लावताना त्याची चांगली धग लागते. वाळल्यावर मात्र तो असा घट्ट बसतो की, काढताना मनगटावरचे केस मुळासकट जप्त होतात, आणि त्या वेदनेपुढे मूळ दुखणे काही काळ दफ्तरी दाखल होते. रुईचे पान तेल लावून तव्यावर शेकून बांधावे, हाही हुकूम आला. चीक डोळ्यांत जाता कामा नये, एवढी खबरदारी घेतली की पान बरे असते. बिब्ब्याचे तेल लावण्याची सूचनाही आली होती. परंतु बिब्बा उतला म्हणजे कातडीवर फोड उठतात आणि त्याचा डाग जन्मभर जात नाही, हे ठाऊक असल्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी ती सूचना मांडणाऱ्या गृहस्थाला चहा न देता परत पाठवले. घरगुती उपचारांच्या इतिहासात इतका वेळेवर केलेला उपचार मी दुसरा पाहिला नाही.

गलाईच्या धंद्यानिमित्त कोइमतुरास असलेल्या पुतण्याने दक्षिणेकडील कसल्याशा औषधी तेलाची बाटली धाडली. तिचे बूच उघडण्याच्या खटाटोपात आधी बरे होऊ लागलेले मनगट पुन्हा पूर्वपदावर आले. गरम वाळूची आणि ओव्याची पुरचुंडी झाली, खडेमिठाचे कोमट पाणी झाले, रात्री निजताना तिळाचे तेल झाले. या साऱ्या यादीत पथ्य म्हणून मी निष्ठेने पाळले ते मेथीच्या लाडवांचे. हे लाडू सांध्यांना हितकारक असल्याची माझी पूर्वीपासून श्रद्धा आहे, आणि आश्चर्य असे की, टाकाला स्पर्श करताच कळ मारणारा तोच हात डब्याचे झाकण उघडताना कसलीही तक्रार करीत नसे. सौभाग्यवतींनी या लक्षणाची स्वतंत्र नोंद घेतली होती, हे मला नंतर कळले.

नव्वदी गाठलेल्या मामांना मात्र पालेभाज्यांचे हे वैद्यक मुळीच मान्य नव्हते. मामा औंध संस्थानच्या अमदानीतले. त्या संस्थानात श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते आणि १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक थेट लंडनला प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे खोकल्यापासून कर्जबाजारीपणापर्यंत कोणत्याही आपत्तीवर मामांचा एकच तोडगा. "पहाटे उठून पंचवीस घाल," ते म्हणाले, "मनगट काय, मनगटाचा बापसुद्धा ताळ्यावर येईल." राजेसाहेबांविषयी आणि त्यांच्या व्यायामाविषयी मला नितांत आदर आहे, तथापि, त्या नमस्कारात तळवे जमिनीला टेकून अवघ्या देहाचा भार ज्या दोन बिजागऱ्यांवर तोलायचा असतो, त्यांतलीच एक तूर्त रजेवर होती. मी ती अडचण मांडली. मामांनी माझ्याकडे असे पाहिले की, संस्थान विलीन झाल्याचे त्यांना त्याच क्षणी प्रथम खरे वाटले असावे.

अखेरीस सांगलीला एका डॉक्टरांकडे जाणे झाले. त्यांनी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटे वाकवून मिनिटभर तसेच राहायला सांगितले. मिनिट सरायच्या आत बोटांत मुंग्यांचे वारूळ फुटले, आणि करंगळी तेवढी त्या भानगडीतून अलिप्त राहिली. ती अलिप्तता पाहून डॉक्टरांना विशेष समाधान वाटले. "मनगटात आठ लहान हाडांची कमान आहे," ते म्हणाले, "तिच्यावर एक चिवट पट्टा ताणलेला, त्या बोगद्यातून बोटे वळवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. बाजारच्या दिवशी वेशीच्या दरवाजात गाड्या अडकाव्यात, तसे आत सूज आली की त्या तंतूचे होते. करंगळीचा तंतू निराळ्या वाटेने येतो, म्हणून ती मजेत." मधुमेह नाही ना, थायरॉइडचे काही नाही ना, हे त्यांनी तपासून घेतले. शेकाला आणि तेलाला त्यांची हरकत नव्हती, चोळणे मात्र हलक्या हाताने. परंतु अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसू लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या तर पाल्यावर विसंबून राहू नका, असे त्यांनी बजावले, आणि रात्री मनगट सरळ राहावे म्हणून एक पट्टी दिली. ज्या आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरला, १९३९ साली औंधकरांनी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी कैद्यांना बेड्यांवाचून मोकळे ठेवण्याचा प्रयोग केला आणि ज्यावर पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला, त्या आटपाडीत आता मी रात्रीपुरता बेडीत पडणार होतो. ते बारा हात मोकळे राहिले; माझा एक अडकला.

प्रकरण येथेच निकालात निघायचे. परंतु घरी काय काय उपचार झाले, हे विचारताच सौभाग्यवती पुढे सरसावल्या आणि निर्गुडीचे फडके कसे पिळत असत, ते हाताने करून दाखवता दाखवता एकदम थांबल्या. डॉक्टर माझा हात सोडून तिकडे वळले.

"ताई, अंगठा मुठीत घ्या. आता मूठ करंगळीकडे वाकवा."

सौभाग्यवतींच्या तोंडून जो उद्गार निघाला, तो माझ्या साऱ्या आजारात माझ्याही तोंडून निघाला नव्हता.

"कधीपासून दुखतंय?"

"तसं काही फार नाही. भाकरी थापताना नि धुणं पिळताना तेवढं."

"पण कधीपासून?"

"धाकटीच्या बारशाच्या सुमारास सुरू झालं असेल."

धाकटी सध्या हायस्कुलात शिक्षिका आहे. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले. लहान मूल वारंवार उचलणाऱ्या बायकांत अंगठ्याच्या बाजूच्या दोऱ्यांचे आवरण असे सुजते, द करव्हँ नावाच्या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली त्याची हकिकत लिहून ठेवली आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे रोगाची नोंद झाल्याला सव्वाशे वर्षे उलटली होती. आमच्या घरात ती त्या दिवशी झाली. एवढ्या वर्षांत त्या हातासाठी कोणी पाला सुचवला नव्हता, दोरा वळला नव्हता, की मामांनी पंचवीस नमस्कार फर्मावले नव्हते. औषध वाटणाऱ्या हातालाही मनगट असते, ही बातमी गावातल्या एकाही वैद्यराजाला लागली नव्हती. सौभाग्यवतींना अंगठ्याला आधार देणारी निराळी पट्टी मिळाली, आणि काही आठवडे भाकरी, धुणे, पाटा-वरवंटा बंद, असा लेखी हुकूम झाला.

हुकूम झाला तरी बजावणी कोणावर व्हायची, हे ओघानेच ठरले. माझी पट्टी रात्रीची, त्यांची दिवसाची. तेव्हा दिवसा घरात मोकळे असे मनगट माझे एकट्याचेच होते. शाळूचे पीठ कढत पाण्यात मळायचे, तळव्याच्या मुळाने रगडायचे, परातीत गोळा ठेवून तो फिरता ठेवीत कडेकडेने थापायचा, ही सारी कला सौभाग्यवती पाटावर बसून, हात मांडीवर ठेवून, केवळ मुखाने शिकवीत. आणि शेजारपाजारच्या बाया माझा इलाज विचारण्याच्या निमित्ताने येत, चुलीपुढचे ते दृश्य डोळे भरून पाहत आणि जाताना हळूच स्वतःची मनगटे सौभाग्यवतींपुढे धरीत. निर्गुडीचा पाला आता सबंध आळीसाठी उकळू लागला. ओढ्यावरून तो आणण्याची नेमणूकही माझीच.

असाच एक दिवस पाला घेऊन येताना आबा भेटले आणि दोऱ्याचा गुण विचारायला घरापर्यंत आले. त्यांना मी आग्रहाने जेवायला बसवले. तव्यावरून नुकतीच उतरलेली माझी भाकरी त्यांनी ताटातून उचलली, तळहातावर तोलली, उलटी करून पाहिली, कडा चाचपली, मग मोडण्याचा यत्न सोडून देऊन ती पुन्हा माझ्या हातात ठेवीत ते गंभीरपणे म्हणाले, "आण्णा, ऊब झ्याक धरलीया हिनं. फडक्यात गुंडाळा आन् मनगटाला बांधा. सांजपातुर निवायची न्हाय."