आपलीच वस्तू समजा, सर!

गेल्या महिन्यात माझ्या घरी शिवराई आली. म्हणजे यायची होती. आलं ते नाण्याच्या मापाचं एक भोक आणि त्याच्याभोवती लिफाफा.

साताऱ्याच्या एका विक्रेत्याकडून व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ती 4,200 रुपयांना घेतली होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', कडेला ठिपक्यांची माळ. शिवराई तशी काही कोहिनूर नव्हे. तांब्याचा पैसा तो. महाराजांच्या पश्चातही टांकसाळींतून पिढ्यान्‌पिढ्या पडत राहिला. पण ही म्हणे 'व्हरायटी' होती. 'शि'ची वेलांटी भलतीकडे वळलेली. "सर, दहा वर्षांत असा दुसरा पीस पाहिला नाही," हे सांगताना विक्रेत्याचा आवाज असा दाटून आला, जणू लेक सासरी निघाली होती.

ही लेक कुरिअरच्या काउंटरवर पोचली तेव्हा तिचं नाव 'कागदपत्रे' झालं होतं आणि किंमत 50 रुपये. नाणी आणि दागिने स्वीकारले जाणार नाहीत, अशी पाटी तिथे होती म्हणे. खरं बोललं तर पाकीट घेत नाहीत आणि खोटं बोललं तर विमा निघत नाही. छंदी माणसाची सत्यनिष्ठा अशी 70 रुपयांच्या पावतीवर निकालात निघते.

मी फोन केला. विक्रेता जराही विचलित झाला नाही. "कुरिअरकडे दिलं की वस्तू आपलीच झाली, सर. कायदाच आहे तसा."

कायदा काढून पाहिला. चीड येण्यासारखी गोष्ट अशी की माणूस निम्मा बरोबर निघाला. 1930च्या मालविक्री कायद्याचं 39वं कलम म्हणतं, ठरल्याप्रमाणे वाहतूकदाराच्या हाती माल दिला की तो सकृतदर्शनी ग्राहकालाच पोचला असं धरावं. मात्र त्याच कलमात पुढे आहे की मालाचं स्वरूप पाहून विक्रेत्यानं वाहतूकदाराशी वाजवी करार करायला हवा. तो केला नाही आणि माल वाटेत गहाळ झाला, तर ग्राहक त्याला जबाबदार धरू शकतो. विम्याचा उल्लेखही आहे. माल समुद्रमार्गे जाणार असेल आणि अशा वेळी विमा उतरवण्याचा रिवाज असेल, तर ग्राहकाला तो उतरवता यावा म्हणून विक्रेत्यानं आधी कळवावं. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा घाट लागतो. समुद्र लागत नाही.

तरी 'वाजवी करार' हे शब्द मी त्याला ठासून वाचून दाखवले. उत्तरादाखल त्यानं एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यात त्याचा प्रश्न होता: "पोस्टानं विमा करून पाठवू का? शंभरेक रुपये जादा पडतील." खाली माझं उत्तर: "कशाला उगाच! कुरिअर चालेल. विश्वास आहे." पुढे जोडलेले दोन हात. ते हात माझेच होते.

मग कुरिअरचं ऑफिस. पावतीच्या मागे मुंग्यांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की भरपाई जाहीर केलेल्या किमतीइतकीच मिळेल. म्हणजे 50 रुपये. काउंटरवरचा मुलगा मात्र तेवढंही द्यायला राजी नव्हता. "काका, पाकीट पोचलं ना? बुकिंग पाकिटाचंच होतं."

पोस्टाकडे बिनविम्याचं टाकलं असतं तरी घबाड हाती लागलं नसतं. स्पीड पोस्टची वस्तू हरवली तर शुल्काची दुप्पट किंवा 1000 रुपये, यांतलं जे कमी ते, असा नियम. त्या दुपटीत दोघांची मिसळ होत नाही.

बायकोचा निवाडा सगळ्यांत लवकर लागला. "अहो, एका पैशाची वस्तू चार हजारांना घेतलीत, तेव्हाच ती हरवली होती."

आता एक जुनी गोष्ट. 8 नोव्हेंबर 1958. न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी होप हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला भेट दिला आणि चक्क रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला, साध्या तपकिरी कागदात गुंडाळून. टपालखर्च 2 डॉलर 44 सेंट. दहा लाख डॉलरच्या विम्यासह एकूण बिल 145 डॉलर 29 सेंट. म्हणजे बहुतेक सगळे पैसे विम्याचेच. दोन दिवसांनी पोस्टमननं हिरा बिनबोभाट हातात ठेवला. हा हिरा बहुधा गोवळकोंड्याच्या कोल्लूर खाणीतला. म्हणजे त्याच कृष्णाकाठचा, जी कृष्णा आमच्या विक्रेत्याच्या सातारा जिल्ह्यात उगम पावते. तर फुकट देणाऱ्यानं पदरमोड करून विमा उतरवला. इथे 4,200 घेणाऱ्यानं 'कागदपत्रे' लिहिलं, आणि 4,200 देणाऱ्यानं शंभर रुपये वाचवले.

त्या हिऱ्याचं वेष्टणही आता स्मिथसोनियनच्या टपाल संग्रहालयात आहे. हे कळल्यापासून मी माझा लिफाफा कपाटात जपून ठेवला आहे. ग्रुपवर फोटो टाकला, तर नागपूरच्या एका संग्राहकानं लगेच विचारलं, "भोकासकट देणार का? 300 देतो. पाठवणी तुमच्याकडे."

वाचकांपैकी आणखी कोणाला हवा असेल तर संध्याकाळी सहानंतर घरी या, पैसे रोख द्या आणि हातानं घेऊन जा. पाठवणार नाही.