नजर पैसेवारी

आमचे आबा तलाठी होते. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि अहमदनगरला अहिल्यानगर. आबांच्या दप्तरी हे दोन्ही फेरफार अजून मंजूर व्हायचे आहेत. पारनेर, पाथर्डी, शेवगाव अशी गावं फिरून त्यांनी नोकरीभर एकच काम मनापासून केलं. बांधावर उभं राहून पैसेवारी लावली.

पुण्यात जन्मलेल्या वाचकांसाठी खुलासा करतो. पीक पुरतं आलं तर शंभर पैसे, असं धरून गावात यंदा किती पैसे पिकणार हे सरकार ठरवतं. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. पन्नासच्या आत आली की दुष्काळी सवलती, पन्नासच्या वर गेली की गावचे पुढारी तहसीलच्या दारात. आता दुष्काळ उपग्रहावरूनही बघतात म्हणे, पण पैसेवारी निघायची ती निघतेच.

४ मे २०२५ ला, रविवारी, आमच्या कन्येने मेडिकलची नीट परीक्षा दिली आणि त्या संध्याकाळपासून आमच्या सावेडीच्या घरात पैसेवारीचा हंगाम सुरू झाला.

नीटची गंमत अशी की उत्तरपत्रिका ते ठेवून घेतात आणि प्रश्नपत्रिका पोराच्या हातात देतात. म्हणजे पीक त्यांच्याकडे, धसकटं आपल्याकडे. मग त्या धसकटांवरून उत्पन्न मोजायचं. केंद्राबाहेर कडुलिंबाखाली मी तिचे कानातले खिशात घेऊन उभा होतो (कानातले, बूट, लांब बाह्या, काही चालत नाही, आत्मविश्वासाबद्दल नियमावलीत उल्लेख नाही). पाच वाजता ती बाहेर आली. "कसा गेला?" एवढंच विचारायचं नाही, असं घरी तिच्या आईने मला तीनदा बजावलं होतं. मी नाही विचारलं. शेजारी उभ्या असलेल्या, मी आयुष्यात कधी न पाहिलेल्या गृहस्थांनी विचारलं, "किती येतील?"

हाच तो प्रश्न. पुढचे सहा आठवडे दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाने तो विचारला. पूर्वी "निकाल काय लागला" विचारायची पद्धत होती, त्याला निदान निकाल लागावा लागायचा.

रात्री आठपर्यंत मोबाईलवर तीन क्लासच्या तीन उत्तरतालिका आल्या. १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकलं तर एक वजा, ७२० पैकी. एकीप्रमाणे ५४१ होत होते, दुसरीप्रमाणे ५११. तिसरी पाहताना कन्येने प्रश्नपत्रिका मिटली आणि म्हणाली, "पाच प्रश्नांना मी कुठला गोल काळा केला ते आठवत नाहीये." पाच प्रश्न म्हणजे वर-खाली पंचवीस मार्क. पंचवीस मार्क म्हणजे सरकारी की खासगी. सरकारी की खासगी म्हणजे पाथर्डीची साडेतीन एकर राहणार की जाणार. एवढं सगळं त्या पाच गोलांमध्ये होतं आणि पोरीला गोल आठवत नव्हते. तिच्या आईने देवाजवळ दिवा लावला. मी सात-बारा शोधला.

आबा बांधावरून, म्हणजे सोफ्यावरून, हे सगळं बघत होते.

"आबा, तुमचा अंदाज?"

"आकड्यात नाही सांगणार. गाववार सांगतो." त्यांनी चष्मा काढला. "जीवशास्त्र बागायत आहे, तिथं चिंता नाही. रसायनशास्त्र जिरायत, पण पाऊस बरा झालाय. फिजिक्स..." इथे त्यांनी जेवणाऱ्या नातीकडे पाहिलं. ती मघापासून भाकरीचा एकच तुकडा आमटीत बुडवत होती. "फिजिक्स पन्नासच्या आत."

तेव्हा आम्ही हसलो. त्या वर्षी फिजिक्सने देशभर पोरांना रडवलं हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

क्लासवाल्यांची पैसेवारी वेगळी. त्यांच्याकडे दुष्काळ पडतच नाही. निकालाला महिना होता, तरी पाइपलाइन रोडला फ्लेक्स झळकले. साठेक पोरांचे फोटो, प्रत्येकाखाली ६२०, ६४०, ६५५ असे आकडे, आणि कोपऱ्यात, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत, "अपेक्षित". आमच्या कन्येचाही फोटो होता. तिच्याखाली ६१०. मी सरांना फोन केला, की साहेब, सगळ्यात उदार तालिकेतसुद्धा ५४१ होताहेत. सर म्हणाले, "सकारात्मक राहा, पालक." त्या ६१० मुळे पुढच्या आठवड्यात शेवगावहून एक स्थळ चौकशीला आलं. मुलगी अठराची, मार्क काल्पनिक, पण मुलाच्या वडिलांना हॉस्पिटलचा प्लॉट दिसू लागला होता.

नातेवाईकांपैकी एक मामा म्हणाले, "लातूरला टाकायला हवी होती." दुसरे म्हणाले, "कोटाला." माझा चुलतभाऊ कांद्याचा आडत्या आहे. एवढ्या लोकांत मला अर्थपूर्ण वाटेल असं तो एकटा बोलला. तो म्हणाला, "दादा, माल किती निघाला हे विचारू नको. आवक किती आहे ते विचार."

हे त्याने २०२४ च्या अनुभवावरून सांगितलं. तेव्हा त्याचा मुलगा बसला होता. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी, ठरल्यापेक्षा दहा दिवस आधी, नीटचा. ६७ जणांना ७२० पैकी ७२०. पैकीच्या पैकी घेऊन पहिला नंबर ६७ जणांत वाटून घ्यायचा, हे गणित आमच्या पिढीला समजलं नाही. मग १,५६३ पोरांचे वाढीव मार्क काढून घेतले आणि त्यांना २३ जूनला फेरपरीक्षेची मुभा दिली. एका फिजिक्सच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर काय, हे ठरवायला सुप्रीम कोर्टाला आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारावं लागलं. जुलैच्या शेवटी सुधारित निकाल आला तेव्हा ६७ चे १७ उरले होते. थोडक्यात, अंतिम पैसेवारीसुद्धा नजर अंदाजच निघाली. चुलतभावाच्या पोराला ६०० च्या वर मार्क होते, बाजारात पोत्याला किंमत नव्हती. साडेसहाशेवाले हजारोंनी आले होते, भाव पडलेला.

आणि २०२५ ला उलटं. पेपर अवघड, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. पीक मेलं, म्हणून भाव चढला. नगरच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. एक पोतं जास्त पिकवलं म्हणून रस्त्यावर कांदा ओतलेला आम्ही पाहिलाय. तरी आम्ही पोरीला वर्षभर सांगत राहिलो, "तू फक्त मार्क पाड." आडत्याला विचारून सांगायला हवं होतं.

याच धामधुमीत आमच्या साडूंचा इंग्लंडहून फोन आला. ते लंडनजवळ रेडिंगला असतात, त्यांची मुलगीही डॉक्टर व्हायची म्हणते. आवाज कापत होता. "अहो, शाळेने तिला ए, ए, बी दिलं. मेडिकलला तीन ए लागतात."

"परीक्षा कधी झाली?" मी विचारलं.

"परीक्षा पुढच्या वर्षी आहे."

मला वाटलं रेंज गेली. पण नाही. तिथे म्हणे शिक्षकच आधी लिहून देतात की या मुलीला पुढच्या उन्हाळ्यात अमुक ग्रेड मिळेल. तो अंदाज अर्जाला जोडायचा. मेडिकलचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत गेला पाहिजे, आणि मेडिकलची कॉलेजं फक्त चार निवडता येतात. त्या अंदाजावर कॉलेज अट घालून जागा देतं किंवा देत नाही. परीक्षा मे-जूनला, निकाल ऑगस्टला.

"म्हणजे तुमच्याकडे सरकारमान्य तलाठी आहे!" मी म्हणालो. साडूंना ते कळलं नाही, पण आबांनी कान टवकारले. त्यांनी फोन मागून घेतला आणि अधिकाऱ्याने अधिकाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, "त्या मास्तरांचे अंदाज बरोबर येतात का हो?"

साडूंनी त्याचाही अभ्यास केला होता. लेकीच्या काळजीने माणूस काहीही वाचतो. २०१६ साली तिथल्याच एका संशोधक बाईंनी तपासलं, तर शंभरातल्या सोळाच मुलांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला होता; बहुतेकांना मास्तरांनी चढवून दिलं होतं. २०२० ला करोनामुळे परीक्षाच झाल्या नाहीत. तेव्हा मास्तरांच्या अंदाजावर भरवसा नको म्हणून सरकारने संगणकाचं सूत्र लावलं. त्याने जवळजवळ चाळीस टक्के ग्रेड खाली ओढल्या, पोरं रस्त्यावर आली आणि चारच दिवसांत सरकारने सूत्र गुंडाळून पुन्हा मास्तरांचाच अंदाज उचलून धरला.

"चढवून देणारच," आबा फोन ठेवून म्हणाले. "मास्तरला त्याच गावात राहायचंय. मला पण गावातल्या लोकांनी चहा पाजून पैसेवारी कमी लावायला सांगितलेली आहे." हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. लावली की नाही, ते सांगितलं नाही.

मेच्या अखेरीस पाऊस कोसळला. ज्या महिन्यात नगरला घशाला कोरड पडते त्या महिन्यात रानात पाणी साचलं, उघड्यावरचा कांदा भिजला आणि हवामानाचे अंदाज सांगणारे सगळे मोबाईलबहाद्दर दोन दिवस गप्प बसले. मीही तोवर गप्प होतो, पण कागदपत्रं गोळा करत होतो. डोमिसाईल, नॉन-क्रीमी लेअर, व्हॅलिडिटी. एका दाखल्यावर अहमदनगर, एकावर अहिल्यानगर. सेतूतल्या मुलाने दोन्ही हातात धरून विचारलं, "मुलगी एकच ना?"

१४ जूनला निकाल लागला. ४८६.

क्लासचा फ्लेक्स त्याच रात्री उतरला. वादळाने, असं सर म्हणाले. शेवगावच्या स्थळाने पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

आबांनी अंतिम उत्तरतालिका मागवली, पेन्सिलीने दोन तास हिशेब केला. जीवशास्त्र ३६० पैकी २८८, म्हणजे ८० पैसे. रसायनशास्त्र १८० पैकी १२२, ६८ पैसे. फिजिक्स १८० पैकी ७६, बेचाळीस पैसे. त्यांनी कागदाखाली तारखेसह सही केली. शिक्का नव्हता म्हणून तेवढं हळहळले.

"आता कटऑफ किती लागेल, आबा?" कन्येने विचारलं. राज्याच्या फेऱ्या अजून सुरू व्हायच्या होत्या आणि चुलतभाऊ सकाळीच सांगून गेला होता की आवक कमी आहे, माल बांधून ठेव, पहिल्या लिलावाला विकू नको. म्हणजे पुन्हा अंदाज. लोणीचं कॉलेज, विळद घाटचं कॉलेज, बीएएमएस, रिपीट, प्रत्येकाची नवी पैसेवारी दारात चपला काढत होती. मोठे मामा तर आत येऊन बसलेही होते. "किती पडले गं? काय चुकलं नेमकं? फिजिक्सला..."

आबांनी हात वर केला.

"फिजिक्स गाव पन्नासच्या आत आहे. दुष्काळ जाहीर," ते दप्तरी आवाजात म्हणाले. "सवलती लागू. एक, सक्तीच्या वसुलीला स्थगिती. कोणी हिच्याकडून उत्तरं वसूल करायची नाहीत. दोन, चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, तिच्या खोलीतला कूलर रात्रभर चालेल. तीन, वीजजोडणी तोडायची नाही." इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वायफायचं बटण मीच बंद करत आलो होतो. "चार, परीक्षा शुल्क माफ. पुढच्या वेळेची फी कुठून आणायची ते हिने बघायचं नाही."

मामांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

कन्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसली. "आबा, दुष्काळात टँकर पण असतो ना?"

आबांनी क्षणभर विचार केला. मग शासन निर्णयात तरतूद असल्याची खात्री पटल्यासारखी मान हलवली आणि मला किटली घेऊन चौकातल्या गुऱ्हाळावर पिटाळलं. "रस बिनबर्फाचा आण," ते मागून ओरडले, "आणि सहा ग्लास. मामांचा पण खेप-नोंदीत धर."